पगाराला मीठ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

माझा भाचा एका खासगी कंपनीत आहे. गेल्या महिन्यात त्याने आणि आणखी चौघांनी ओव्हरटाइमचे थकलेले पैसे मागितले. दुसऱ्याच दिवशी साहेबांनी ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. हाच मेसेज माझ्याकडे याआधी चारदा आलाय आणि चारही वेळा मी तो सोडून दिला. या वेळी भाच्याने विचारलं, "मावशी, हे खरंय का गं?" आता सोडत नाही.

मेसेज थोडक्यात असा. रोमन सैनिकांना पगार मिठात मिळे, कारण तेव्हा मीठ सोन्याच्या भावाचं होतं. म्हणून लॅटिन 'साल' म्हणजे मीठ, यावरून इटालियन-स्पॅनिश 'सालारिओ', फ्रेंच 'सालेर', इंग्रजी 'सॅलरी'. 'सोल्जर' म्हणजे 'साल दारे', मीठ देणे. आणि शेवटी ठळक अक्षरांत: 'पगार म्हणजे मालकाचं मीठ. खाल्ल्या मिठाला जागा, जास्तीचं मागू नका.'

जेवढं खरं आहे तेवढं आधी मान्य करते. या सगळ्या भाषांतले शब्द लॅटिन 'सालारियम'चे, म्हणजे भत्ता किंवा मानधन या अर्थाच्या शब्दाचे, वंशज आहेत आणि त्यात 'साल' आहेच. पहिल्या शतकातला प्लिनी आपल्या ज्ञानकोशाच्या 31व्या भागात लिहितो की मानाची पदं आणि सैनिकी सेवा यांच्याशीही मिठाचा संबंध आहे, 'सालारियम' हे नाव त्यावरूनच पडलं. बस, इतकंच. सैनिकाच्या ओंजळीत मीठ ओतत असं प्लिनी म्हणत नाही, दुसरा कुठला रोमन लेखकही म्हणत नाही. सैनिकाच्या पगाराला शब्दच वेगळा होता, 'स्टिपेंडियम', आणि तो नाण्यांत मिळे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार आकडेच देतो: पायदळातल्या शिपायाला रोज 2 ओबोल (ग्रीक नाणी), घोडेस्वाराला 6.

सोन्याचा भाव? सम्राट डायोक्लीशनने 301 साली मालाच्या कमाल किमती ठरवून दिल्या. त्यात गव्हाच्या एका मापाला 100 दिनार आणि मिठाच्या तेवढ्याच मापालाही 100. सोनं मात्र पौंडाला 72,000. म्हणजे पौंडभर सोन्यात मिठाची 720 मापं आली असती.

'सोल्जर'चा तर मिठाशी काडीचाही संबंध नाही. तो 'सोलिदुस' या रोमन सोन्याच्या नाण्यावरून आला. इटालियनमध्ये आजही पैशांना 'सोल्दी' म्हणतात आणि स्पॅनिशमध्ये पगाराला 'सुएल्दो'. पैसे घेऊन लढणारा तो सोल्जर.

आता ती शेवटची ओळ. बाकीचं चुकीचं आहे, ही ओळ वाईट आहे. रोमन सैनिकांचा दाखला देऊन कामगाराला गप्प बसवायचं, तर त्या सैनिकांनी काय केलं तेही सांगायला हवं होतं. इसवी सन 14 मध्ये सम्राट ऑगस्टस वारला आणि पॅनोनियातल्या, म्हणजे डॅन्यूब नदीच्या बाजूच्या, तीन लीजननी, म्हणजे रोमन फौजेच्या तीन मोठ्या तुकड्यांनी, बंड केलं. रोमन इतिहासकार टॅसिटसने त्यांचं गाऱ्हाणं नोंदवलंय: आमच्या जिवाची किंमत दिवसाला दहा आस (तांब्याची नाणी), आणि त्यातूनच कपडे, शस्त्रं, तंबू यांचे पैसे द्यायचे, सेंच्युरियनचा, म्हणजे तुकडीच्या अधिकाऱ्याचा, मार चुकवायलाही त्यातूनच मोजायचे. त्यांना रोज एक दिनार हवा होता, म्हणजे सोळा आस, आणि सोळा वर्षांनंतर सुटका. बंड मोडलं गेलं, पुढाऱ्यांना मारलं. पण मिठाला जागून गप्प बसलेली माणसं ही नव्हेत.

आणि सॅलरीचं मूळ शोधायला रोमपर्यंत जाणाऱ्याने मराठीतला 'पगार' सोडावा, याचा मला सर्वांत जास्त राग आला. 'पगार' आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत 'पगार' हे क्रियापद आहे, पैसे चुकते करणे. स्पॅनिशमध्येही 'पगार', इटालियनमध्ये 'पगारे', फ्रेंचमध्ये 'पेये'. सगळ्यांचं मूळ लॅटिन 'पाकारे', म्हणजे शांत करणे, आणि त्याच्याही मागे 'पाक्स', शांती. रुमानियन भाषेत याच कुळातल्या 'इम्पका'चा अर्थ अजून समेट घडवणे असाच आहे. शांत कुणाला करायचं? ज्याचं देणं आहे त्याला. धनकोचं समाधान करणे, म्हणून देणं फेडणे, असा अर्थ उतरत आला.

म्हणजे 'पगार' या शब्दात देणं लागतो तो मालक. 'खाल्ल्या मिठाला जागणे' ही आपली म्हण अन्नाच्या उपकाराबद्दल आहे, ज्याच्या घरी जेवलो त्याच्याशी दगा करू नये एवढ्यापुरती. महिनाभर राबून मिळालेले पैसे हा उपकार नव्हे, आणि सुटीच्या दिवशी बोलावून करून घेतलेल्या कामाचे अडकवलेले पैसे तर नाहीच नाही.

भाच्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ग्रुपवर वाद घालू नकोस म्हटलं. त्याने आणि त्या चौघांनी मिळून ओव्हरटाइमच्या तासांचा तारीखवार तक्ता केलाय, सोमवारी तो लेखी अर्जासोबत देणार आहेत.