गौरीच्या आधी तेरडा

सकाळपासून डोकं तापलंय. जेवणाची भांडी तशीच ठेवून लिहायला बसलेय.

आज राजहंसगडावर गेले होते. वरपर्यंत डांबरी रस्ता झालाय, तरी मी जुन्या पायवाटेनेच चढते. शेवटचा चढ छातीवर येतो, पण श्रावण संपता संपता त्या उतारावर तेरडा असा फुललेला असतो की दम लागल्याचं भान राहत नाही. सगळीकडे गुलाबी, मध्येच कुर्डूचे तुरे. मागे वळून बघावं तर खाली येळ्ळूरची भातशेती, आणि धुकं जरा हललं की पलीकडे आपलं बेळगाव.

त्याच उतारावर आज पंधरा-वीस मुलं-मुली तेरडा ओरबाडत होती. रीलसाठी. मूठ भरून उपटायचा, हवेत उधळायचा, नीट आलं नाही की पुन्हा उपटायचा. खडकावर स्पीकर कोकलत होता. मी म्हटलं, अरे, गौरी अजून यायच्या आहेत. त्यातला एक म्हणाला, "काय होतंय वो मावशी, जंगली फूल हाय. परत येतंय की."

जंगली फूल!

गेल्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सहाजणी उत्तराखंडात गेलो होतो, फोटो तुम्ही पाहिलेतच. घांगरियाहून हेमकुंड या शिखांच्या तीर्थाचा चढ. अंतर जेमतेम 6 किलोमीटर, पण चढता चढता 4,000 मीटरच्या वर जायचं आणि त्याच दिवशी खाली परतायचं, कारण वर मुक्काम करता येत नाही. दहा पावलं टाकली की थांबावं लागत होतं. शेवटच्या टप्प्यात धुक्यात खडकांच्या फटींतून ब्रह्मकमळं दिसायला लागली. आपल्या अंगणातल्या कुंडीत रात्री फुलतं, ज्यासाठी शेजाऱ्यांना बोलावून चहा करतो, ते नव्हे. ते मूळ परदेशातलं निवडुंग. हे सूर्यफुलाच्या कुळातलं. फिकट पिवळसर, कागदासारख्या पातळ आवरणात जांभळी फुलं मिटून बसलेली, आणि वास चांगला उग्र. माझा हात आपसूक पुढे गेला. देवघरात ठेवायला एक, एवढंच मनात होतं.

मागून एक कंडीवाला येत होता. पाठीवरच्या टोपलीत एक म्हातारी बाई, स्वतः घामाने निथळलेला. तो थांबला. एवढं ओझं पाठीवर असताना माझ्यासाठी थांबला. म्हणाला, "माताजी, अभी नहीं. नंदाष्टमी के बाद." मी हात मागे घेतला.

खाली आल्यावर तो चहाच्या टपरीवर भेटला, तेव्हा विचारलं. म्हणाला, भाद्रपदातल्या अष्टमीला नंदादेवीला वाहायचं, त्याआधी तोडायचं नाही. तोवर बी धरलेलं असतं. आणि वरच्या कुरणांत, ज्यांना ते बुग्याल म्हणतात, मोठ्याने ओरडायचंही नाही. आछरी म्हणजे तिथल्या पऱ्या उचलून नेतात. मी बोटांवर तिथी मोजली आणि अंगावर काटा आला. भाद्रपद शुद्ध अष्टमी, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्याकडे गौरी जेवतात तोच दिवस! तिकडे नंदा, इकडे गौरी. पार्वतीच ती. दोन्हीकडची माणसं त्याच सुमाराला देवीसाठी डोंगरातलं फूल आणतात.

हो, मान्य, आपणही तेरडा मुळासकटच उपटतो. मुळं म्हणजे गौरीची पावलं, म्हणून. आणि तेरडा वर्षाचं रोप, बोंड पिकलं की नुसत्या स्पर्शाने फुटून बी लांब उडतं, ब्रह्मकमळाइतकं त्याचं अवघड नाही, हेही मान्य. पण आई बांधावर पाठवायची तेव्हा बजावून पाठवायची, एका जागचा सगळा काढू नको, पाच काड्या पुरेत. आजच्या पोरांनी बोंडं धरायच्या आधीच अख्खी पट्टी मोकळी केली. पुढच्या वर्षी तिथे बी पडणार कुठून? तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. तेवढे तीन तरी द्या ना त्याला.

आणि पोरांना तरी किती बोलू. त्यांना पैसे घेऊन सहलीला आणणारे मोठे होतेच की तिथे, कडेला उभे राहून फोन धरणारे. तेच पुढच्या रविवारी कणकुंबीच्या पुढे चोर्ल्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर जाणार. तिथे तर बोटभर मातीत गेंद आणि सीतेची आसवं ही इवली रानफुलं उगवतात, बुटाखाली गेली तरी कळतसुद्धा नाहीत. तिथे जीप घालतात हो! मी डोळ्यांनी पाहिलेत चाकांचे चर. असल्यांकडे पैसे भरून त्यांच्याबरोबर पाठवू नका तुमच्या मुलांना. स्पष्ट सांगते.

उतरताना तो मुलगा पुन्हा भेटला. एकटाच होता, उन्हात बसून पाणी पीत होता. मी रागातच होते, तरी शेजारी बसले आणि त्याला कंडीवाल्याचं सांगितलं. तो सगळं ऐकून घेत होता. मग म्हणाला, "आमच्यात आज्जी आणते वो तेरडा. मला कधी नेलंच नाही तिनं." यावर मला काही बोलता आलं नाही. त्याच्या वयाच्या माझ्या भाच्यांना तरी मी कुठे नेलंय बांधावर? गौरीच्या आदल्या दिवशी बाजारातून जुडी आणते आणि मोकळी होते.

या वर्षी जुडी आणणार नाही. गौरी आणायच्या दिवशी सकाळी सहाला मी खानापूरला भावाच्या शेतावर निघतेय, भाच्यांना घेऊन. गाडीत दोन जागा आहेत. कुणाला आपली मुलं पाठवायची असतील तर आज रात्रीपर्यंत फोन करा. चिखल असेल, जुन्या चपला घालून पाठवा.