अनुभव-पत्रात कामाबद्दल लिहा, नुसत्या तारखा नकोत

परदेशातली नोकरी पक्की झाली की पुढचं सगळं "पेपरवर्क" समजून आपण ते एजंटच्या नाहीतर नव्या कंपनीच्या एचआरच्या हाती सोपवतो. मला हे पटत नाही. त्याबद्दलच आज जरा सविस्तर लिहायचं आहे.

ओळखीतले बरेच जण वर्क व्हिसाचा अर्ज भरण्याआधी त्यांची फाइल मला वाचायला पाठवतात. मी वकील नाही, व्हिसा सल्लागारही नाही. कागद बारकाईने वाचायची सवय आहे, एवढंच. या फाइलींमध्ये पदवीचं प्रमाणपत्र असतं, सगळ्या वर्षांची गुणपत्रकं असतात, पासपोर्टच्या कोऱ्या पानांचेसुद्धा रंगीत स्कॅन असतात. आणि ज्या कागदावर निम्मा अर्ज उभा असतो, ते जुन्या कंपनीचं अनुभव-पत्र मात्र चार ओळींचं असतं. अमुक यांनी आमच्याकडे या तारखेपासून त्या तारखेपर्यंत या हुद्द्यावर काम केलं, त्यांची वर्तणूक चांगली होती, पुढील वाटचालीस शुभेच्छा. खाली सही, शिक्का. त्या माणसाने इतकी वर्षं नेमकं केलं काय, हे त्यातून कुणालाही कळत नाही.

व्हिसा ऑफिसरला काय ठरवायचं असतं ते बघा. प्रोफेशनल व्हिसाचे नियम देशोदेशी वेगळे असले तरी प्रश्न बहुधा तेच असतात. हे काम खरंच त्या व्यवसायात बसतं का? त्या व्यवसायाला जे शिक्षण किंवा जो अनुभव लागतो, तो या व्यक्तीकडे आहे का? आणि नोकरी देणारी कंपनी खरी आहे का? यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पदवीतून अर्धंच मिळतं. उरलेलं अर्धं तुम्ही केलेल्या कामात असतं, आणि ते काम तुमच्याशिवाय आणि तुमच्या जुन्या मॅनेजरशिवाय कुणी पाहिलेलं नसतं.

हुद्द्यावरून काही ठरत नाही, हे तर नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. एका कंपनीतला "असिस्टंट मॅनेजर" दिवसभर माणसं सांभाळतो, दुसऱ्या कंपनीतला पंप आणि कंप्रेसर दुरुस्त करवून घेतो. माझ्या ओळखीच्या एका मेकॅनिकल इंजिनिअरचं हेच झालं. अर्ज इंजिनिअर म्हणून आणि अनुभव-पत्रात फक्त "असिस्टंट मॅनेजर, मेंटेनन्स विभाग". ज्यादा पुरावे मागवले गेले. तोवर जुने साहेब निवृत्त झालेले, विभाग दुसऱ्या युनिटमध्ये हललेला, आणि नव्या एचआरला हा माणूस कोण तेच ठाऊक नाही. शेवटी पत्र मिळालं, पण रुजू होण्याची तारीख पुढे गेली आणि त्या मधल्या काळात त्याच्या घरच्यांनी जो ताण काढला तो मी जवळून पाहिला आहे. कामात तो माणूस अतिशय हुशार. पण त्याच्या हुशारीचं एकही वाक्य कागदावर नव्हतं.

कॅनडाची पद्धत मला याबाबतीत सरळ वाटते. तिथल्या एक्स्प्रेस एंट्रीत (तो कायमच्या वास्तव्याचा मार्ग आहे, पण कागद हेच लागतात) अनुभव-पत्रात काय हवं ते स्पष्ट सांगितलेलं आहे: कंपनीचं लेटरहेड, पत्ता आणि संपर्क, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा, तुमचं पद, जबाबदाऱ्या, कामाच्या तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि इतर लाभ. मग त्या जबाबदाऱ्या तिथल्या अधिकृत व्यवसाय-सूचीतल्या वर्णनाशी ताडून पाहतात. हुद्द्याचं नाव जुळतं की नाही याला फार महत्त्व नाही, काम जुळतं का ते बघतात.

अमेरिकेत काम करण्यासाठीचा टीएन व्हिसा घ्या. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातल्या १९९४च्या नाफ्टा या व्यापार करारातून तो आला आणि १ जुलै २०२०पासून त्या कराराची जागा घेणाऱ्या नव्या करारातही टिकला. तो फक्त कॅनडा आणि मेक्सिकोच्या नागरिकांना मिळतो, आणि यादीतल्या ठरावीक व्यवसायांनाच. कॅनडाचा नागरिक थेट सीमेवरच्या चौकीवर किंवा विमानतळावर अर्ज करू शकतो. म्हणजे समोर उभा असलेला अधिकारी तिथेच कागद वाचणार आणि तिथेच निर्णय देणार. अशा वेळी अमेरिकन कंपनीचं पत्र हाच सगळा आधार. त्यात व्यवसाय कोणता, रोजचं काम काय, येण्याचा हेतू काय, मुक्काम किती, शैक्षणिक पात्रता काय आणि पगाराची व्यवस्था काय, हे सगळं असावं लागतं. संगणक प्रणाली विश्लेषकाकडे पदवी नसेल तर डिप्लोमा आणि ३ वर्षांचा अनुभव चालतो. पण तो अनुभव सिद्ध कशाने करणार? पुन्हा जुन्या कंपन्यांच्या पत्रांनीच.

मला सर्वात जास्त कळकळ वाटते ती या लोकांची. ज्यांच्याकडे मोठी पदवी नाही, जे कामावर शिकले, ज्यांनी रात्री जागून स्वतःच्या हिमतीवर विद्या मिळवली. अनेक देशांनी त्यांच्यासाठी दार उघडं ठेवलेलं आहे. जपानमध्ये इंजिनिअर किंवा तांत्रिक तज्ज्ञ म्हणून जायचं तर पदवीऐवजी १० वर्षांचा संबंधित अनुभव ग्राह्य धरतात, त्या विषयाच्या शिक्षणाचा काळही त्यात मोजतात. जर्मनीत नोव्हेंबर २०२३पासून आयटीतल्या माणसाला पदवीशिवायही ब्लू कार्ड (कुशल परदेशी कर्मचाऱ्यांसाठीचा काम आणि वास्तव्याचा परवाना) मिळू शकतं, फक्त गेल्या ७ वर्षांत किमान ३ वर्षं त्या दर्जाचं काम केलेलं असलं पाहिजे. अमेरिकेच्या एच-१बी या वर्क व्हिसामध्ये कॉलेजच्या कमी पडणाऱ्या प्रत्येक वर्षासाठी ३ वर्षांचा विशेष अनुभव धरता येतो. त्यात तर आणखी एक अट आहे: तुमचे सहकारी, वरिष्ठ किंवा हाताखालचे लोक त्या विषयातले पदवीधर होते, हेही दाखवावं लागतं. चार ओळींच्या पत्रात यातलं काहीच नसतं. म्हणजे कायद्याने संधी दिली, माणसाने आयुष्यातली दहा वर्षं त्या कामात घातली, आणि कुणीतरी पत्र लिहायचा कंटाळा केला म्हणून ती दहा वर्षं मोजलीच जात नाहीत. हा मला सरळसरळ अन्याय वाटतो.

काही देशांत हा प्रश्न कायद्यानेच सोडवला आहे. जर्मनीत नोकरी सोडताना लेखी प्रमाणपत्र मिळणं हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे. कामाचं स्वरूप आणि कालावधी त्यात असलाच पाहिजे, आणि कर्मचाऱ्याने मागितलं तर कामगिरी आणि वर्तनही. स्वित्झर्लंडमध्ये असं प्रमाणपत्र नोकरी चालू असतानाही केव्हाही मागता येतं. जपानच्या कामगार कायद्याचं कलम २२ तर मला फार आवडतं. कर्मचाऱ्याने मागितल्यावर नोकरीचा काळ, कामाचा प्रकार, पद, पगार आणि सोडण्याचं कारण यांचा दाखला मालकाने विनाविलंब द्यायचा, आणि कर्मचाऱ्याने न मागितलेली कोणतीही गोष्ट त्यात घालायची नाही. दाखला कंपनीसाठी नाही, काम करणाऱ्यासाठी आहे, हे त्यांनी किती नीट ओळखलं आहे!

बाकी बहुतेक ठिकाणी मात्र सगळं साहेबाच्या मर्जीवर. एचआर म्हणतं, "आमचा ठरलेला फॉरमॅट आहे, त्याबाहेर काही लिहीत नाही." मी याच्याशी अजिबात सहमत नाही. गोपनीय माहिती, ग्राहकांची नावं, आकडे नका देऊ. पण एखादी व्यक्ती तुमच्याकडे रोज काय काम करत होती, हे सांगण्यात कंपनीचं कोणतं गुपित फुटतं? आणि एचआरने खरोखर नकारच दिला तर मॅनेजरने स्वतःच्या सहीने पत्र द्यावं, सोबत आपण त्या व्यक्तीचे वरिष्ठ होतो याचा काही पुरावा जोडावा. पुष्कळ ठिकाणी असं पत्र विचारात घेतात.

मागणाऱ्यांनीही थोडी मेहनत घ्यावी. "सर, एक्स्पीरियन्स लेटर हवं होतं" एवढाच मेसेज पाठवला तर फॉरमॅटमधलंच पत्र येणार. मसुदा तुम्ही लिहून द्या, साहेबांनी तो तपासून दुरुस्त करावा. "मेंटेनन्सचं काम पाहिलं" असं लिहू नका. कोणती यंत्रं होती, बिघाडाचं कारण शोधायला काय पद्धत वापरलीत, ड्रॉइंग कुणी केली, निर्णय कोणते स्वतः घेत होता, किती जण हाताखाली होते, ते लिहा. सरकारी सूचीतलं व्यवसायाचं वर्णन जसंच्या तसं उचलून चिकटवू नका. तेच शब्द रोज वाचणाऱ्या माणसाला ते ताबडतोब ओळखू येतं आणि मग खऱ्या अनुभवावरही शंका येते.

हे सगळं नोकरी सोडतानाच करून घ्या, पुढे व्हिसाचा विचार असो वा नसो. मॅनेजर बदलतात, कंपन्या विकल्या जातात, मेल आयडी बंद होतात.

बाकीच्या कागदांबद्दल थोडक्यात. नाव सगळीकडे पासपोर्टप्रमाणे हवं. पदवीवर वेगळं असेल तर त्या बदलाचा अधिकृत कागद जोडा, नुसतं स्पष्टीकरण पुरत नाही. परदेशात दाखवायच्या कागदावर मारला जाणारा अपॉस्टिल शिक्का म्हणजे कागदातला मजकूर खरा असल्याची हमी, असा मोठा गैरसमज आहे. १९६१च्या हेग करारातून आलेला तो शिक्का सही, पद आणि मोहोर यांच्याबद्दल बोलतो, मजकुराबद्दल नाही. आणि तो करार मानणाऱ्या देशांतच तो चालतो. कॅनडात जानेवारी २०२४पासून तो लागू झाला, म्हणजे त्याआधीचा कुणाचा अनुभव ऐकून आज वकिलातीत खेटे घालू नका. भाषांतर कुणाकडून केलेलं चालेल तेही आधी बघा, काही देशांना शपथबद्ध भाषांतरकारच लागतो.

तारखांकडे मात्र नीट लक्ष द्या. अनुभव-पत्र, पगाराच्या स्लिपा, अर्ज आणि तुमचं लिंक्डइन, चारही ठिकाणी एकच महिना असला पाहिजे. मधली रिकामी वर्षं लपवायला तारखा ताणणारे एजंट आहेत आणि त्यांची मला मनापासून चीड येते. कारण ते नामानिराळे राहतात. माहिती खरी असल्याची जबाबदारी तुमच्यावर असते. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर कॅनडा ५ वर्षं दार बंद करतो, ब्रिटनमध्ये ती बंदी १० वर्षांची असू शकते आणि अमेरिकेत ती आयुष्यभराची होऊ शकते. आजारपण, मूल लहान असणं, नोकरी जाणं, यात लपवण्यासारखं काय आहे? रिकामा काळ रिकामाच दाखवा आणि कारण एका ओळीत लिहा.

आणि ज्यांची जुनी कंपनी बंदच पडली आहे त्यांनी हातपाय गाळू नयेत. नेमणुकीचं पत्र, पगारवाढीची पत्रं, पे-स्लिपा, कर भरल्याच्या नोंदी, पगार जमा झालेली बँकेची स्टेटमेंट, हे सगळं कंपनी आणि काळ सिद्ध करतं. कामाचं स्वरूप सांगायला तेव्हाच्या वरिष्ठाचं किंवा सहकाऱ्याचं शपथेवरचं निवेदन घ्या. ते तिथे कोणत्या पदावर होते आणि तुमचं काम त्यांनी कसं पाहिलं, हे त्यात असू द्या, सोबत त्यांच्या स्वतःच्या नोकरीचा पुरावा जोडा. कंपनी बंद झाल्याची सरकारी नोंद मिळत असेल तर तीही लावा, आणि मूळ पत्र का देता येत नाही ते अर्जासोबतच्या पत्रात पहिल्याच परिच्छेदात सांगून टाका.