सोंगाड्या मेलची झडती

‘मोफत’ शब्द दिसला की मेल कचऱ्यात, असा नियम लावून निवांत झोपणाऱ्यांचा मला हेवा वाटतो. स्पॅमवाला तो शब्द सरळ लिहितो कुठे? तो अक्षरांच्या मध्ये शून्य रुंदीची जागा पेरतो. डोळ्यांना शब्द अखंड, फिल्टरला नुसते तुकडे. नाहीतर रोमन ‘ए’ काढून सिरिलिक, म्हणजे रशियन लिपीतला, ‘ए’ बसवतो. दिसायला जुळी भावंडं, युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरयादीत, एकाचा नंबर ००६१, दुसऱ्याचा ०४३०. काही महाभाग पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत कादंबरीची पानं ओततात, म्हणजे शब्दांवरून स्पॅमची शक्यता मोजणाऱ्या बेझियन फिल्टरला वाटावं, सुसंस्कृत मंडळी दिसतात!

मग आपण इरेला पेटतो. औषधांच्या जाहिरातींना वैतागून ‘सियालिस’ अडवलं, की ‘स्पेशालिस्ट’ असलेला प्रत्येक मेल गडप. रोमन स्पेलिंगच्या पोटात ती सहा अक्षरं ओळीने बसलेली असतात ना! पूर्ण शब्द जुळला तरच पकड, असं नियमात सांगावं लागतं.

म्हणून माझा हट्ट असा, की मेल काय म्हणतोय ते सोडा, आला कुठून ते बघा. पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात. तसंच आपल्या सर्व्हरने मेलच्या छुप्या नोंदींत सर्वांत वर चिकटवलेल्या, मेल कुठून आला ते सांगणाऱ्या ‘रिसीव्हड’ ओळीचंही. खालच्या ओळी मात्र खुशाल बनावट असू शकतात. हे बघायला जीमेलमध्ये तीन ठिपके, मग ‘शो ओरिजिनल’. तिथेच तीन तपासण्यांचे निकाल दिसतात. एसपीएफ सांगतो, या सर्व्हरला त्या डोमेनच्या (पत्त्यातल्या ‘@’ नंतरच्या भागाच्या) नावाने मेल पाठवायची मुभा होती का. डीकेआयएम मेलवरची डोमेनची डिजिटल सही तपासतो. डीमार्क बघतो, की या दोघांतल्या निदान एका पास झालेल्याचं डोमेन ‘फ्रॉम’मधल्या डोमेनशी जुळतं का. तिन्ही पास म्हणजे माणूस सज्जन, असं मुळीच नाही. भामट्याने स्वतःचं डोमेन रीतसर घेतलेलं असतं आणि त्याची कागदपत्रं आपल्यापेक्षा चोख असतात! ‘पास’ नेमकं कोणत्या डोमेनला मिळालं, ते अक्षर न् अक्षर वाचायचं.

स्पॅममधल्या ‘अनसबस्क्राइब’च्या वाटेला जाऊ नये, पत्ता जिवंत असल्याची ती पोचपावती. नवा नियमही थेट ‘डिलीट’वर नको, आधी वेगळ्या लेबलात साठवा. जीमेल स्पॅममधलं सगळं ३० दिवसांनी पुसतं, तेव्हा अधूनमधून तिथे डोकावायचं. हटकून एखादं थकलेलं बिल सापडतं. एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्क पास. दंडासकट.