पेनल्टीवर जिंकलो, मग बिघडलं कुठे?

सकाळी फोन उघडला तर फॅमिली ग्रुपवर मामांचा मेसेज. 'ज्या कुवेतला गेल्या आठवड्यात हरवलं, त्यांच्याशीच काल पेनल्टीपर्यंत जावं लागलं. घसरण!' खाली अंगठ्यांची रांग. काल म्हणजे २०२३ च्या साफ, अर्थात दक्षिण आशियाई फुटबॉल स्पर्धेच्या फायनलला, भारत विरुद्ध कुवेत.

अहो, हरवलं नव्हतं! २७ जूनची ती मॅच १-१ सुटली होती. मी होते की तुमच्यासोबत बेंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर. आपल्या कॅप्टन छेत्रीने हाफटाइमच्या तोंडावर गोल केला आणि शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा मामा उठले. "चल, नंतर रिक्षा मिळत नाही." कस्तुरबा रोडवर पोचतो न पोचतो तोच मागचा गोंगाट एकदम बंद पडला. आपल्या अन्वर अलीच्या पायाला लागून बॉल आपल्याच जाळ्यात. मी फोनवर स्कोअर दाखवला, तर म्हणे, "ओन गोल काय मोजायचा? त्यांनी कुठे मारला?"

आता अशा माणसाशी काय बोलणार! पण राग एकट्या मामांचा नाही. साफ म्हणजे गल्लीतली स्पर्धा, असं म्हणणारे सगळे असेच अर्ध्यात उठून गेलेले असतात.

गल्लीतली? यंदा कुवेत आणि लेबनॉन पाहुणे म्हणून आले होते. कुवेत १९८० चा आशियाई विजेता, १९८२ चा वर्ल्ड कप खेळलेला देश. फिफाच्या बंदीने मधली वर्षं वाया गेली, नाहीतर त्यांच्याकडे बघायची आपली टाप नव्हती. गटात त्यांनी नेपाळला ३-१, पाकिस्तानला ४-० हरवलं, आपल्याशी बरोबरी. आपणही पाकिस्तानला ४-० (छेत्रीची हॅटट्रिक!) आणि नेपाळला २-० हरवलं. गुण सारखे, गोलफरकही सारखा. एक गोल जास्त म्हणून गटात पहिले ते! मामांनी न मोजलेला तो ओन गोल नसता तर पहिले आपण असतो. मोजायचा तो असा.

सेमीफायनलला तर दोघांचाही घाम निघाला. दुपारी बांगलादेशचा गोलकीपर झिको याने कुवेतला असं काही अडवून धरलं की एकमेव गोल यायला एक्स्ट्रा टाइम लागला. संध्याकाळी आपण लेबनॉनसमोर. डिफेंडर झिंगन सस्पेंड, कोच स्टिमॅक रेड कार्ड घेऊन बाहेर, त्यांच्या जागी बेंचवर असिस्टंट कोच महेश गवळी. १२० मिनिटांत गोल शून्य. मग आपला गोलकीपर गुरप्रीतने त्यांच्या मातूकची पेनल्टी अडवली आणि पेनल्टीत ४-२ ने जिंकलो.

हो, मान्य, १२० मिनिटांत एकही गोल नाही हे काही भूषण नव्हे. आणि सगळ्या मॅचेस बेंगळुरूतच होत्या, तेही मान्य. पुढे.

काल चौदाव्या मिनिटाला कुवेतने गोल केला तेव्हा वाटलं, संपलं. पण छेत्री, सहल, आणि समोर मोकळा छांगटे. ती मूव्ह परत परत बघतेय मी. कसलीही घाई नाही, सहलने मान वर करून बघितलं आणि बॉल सरकवला, बस. १-१, आणि १२० मिनिटांनंतरही १-१. पाच-पाच पेनल्टींनंतर ४-४. मग नाओरेम महेशने मारली, गुरप्रीतने झेप घेऊन शेवटची अडवली आणि नववं विजेतेपद आपलं. ही घसरण असेल तर मला रोज घसरायला आवडेल.

मामा, पुढच्या वेळी तिकीट मी काढेन, रिक्षाचे पैसेही मीच देईन, वाटेल तितके. फक्त शिट्टी होईपर्यंत खुर्ची सोडायची नाही.

राग ओसरल्यावर एक वाटतंय. कुवेतची पोरंही तेवढंच पळाली. सलग दोन मॅच १२० मिनिटं, परक्या मैदानावर, सगळं स्टेडियम विरोधात, आणि आज त्यांच्याबद्दल कुणी अक्षर लिहिलेलं नाही. पुन्हा पाहुणे म्हणून बोलावलं तर मला आनंदच होईल. फक्त आपल्या गटात नको.