‘हर-टू पॉझिटिव्ह’चा तो मेसेज पुढे पाठवू नका

“स्तनाच्या कॅन्सरमध्ये ‘हर-टू पॉझिटिव्ह’ आलं म्हणजे रोग अंगभर पसरला, औषध नाही, मुलींनाही होणारच,” असा मेसेज फिरतोय. परवा मीही तो न तपासता पुढे ढकलला. चूक माझीच. नंतर ओळखीच्या पॅथॉलॉजिस्टताईंना विचारलं आणि वाचूनही पाहिलं.

हर-टू हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. ‘वाढ’ हा निरोप ते आत पोहोचवतं. निरोगी पेशींवरही थोडं असतंच. साधारण १५ ते २० टक्के स्तन-कॅन्सरमध्ये गाठीच्या पेशींत त्याच्या जनुकाच्या प्रती वाढतात, प्रथिनाची गर्दी होते आणि पेशी भराभर वाढतात. गाठ आक्रमक असते, एवढं खरं. पण ती पसरली का, हे स्टेजवरून कळतं, या शब्दावरून नाही. हा बदल आईकडून लेकीकडे जात नाही. बीआरसीए नावाच्या जनुकांतला आनुवंशिक दोष वेगळा.

औषधाचं म्हणाल तर याच प्रथिनाला चिकटणारं ट्रॅस्टुझुमॅब अमेरिकेत १९९८ मध्येच मंजूर झालं. रिपोर्टात हे प्रथिन किती आहे याचा आकडा ३+ म्हणजे पॉझिटिव्ह; २+ असेल तर सहसा ‘फिश’ चाचणीने, म्हणजे जनुकाच्या प्रती मोजून, ठरवतात.

माझा जुना मेसेज कृपया डिलीट करा. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा खुलासाही पाठवा.