‘गुपचूप निघून जायचं होतं’ असं लिहिणाऱ्या दादांना

दादा, सलाम.

साताऱ्यातल्या ज्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आम्ही बारा वर्षं होतो, तिथून माझं आणि माझ्या ८१ वर्षांच्या आईचं नाव बालबाप्तिस्म्याच्या, म्हणजे तान्ह्या बाळाला दिलेला बाप्तिस्मा खरा की नाही या, मतभेदावरून काढून टाकलं, त्याबद्दल मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही सांगलीहून एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, तिला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मंडळीला आपली शिकवण राखायचा हक्क आहे. ती पटत नसेल तर माणसानं गुपचूप निघून जावं. पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, भर सभेत प्रश्न विचारणं हा उद्धटपणा झाला. आणि घरातलं भांडण चव्हाट्यावर मांडून मी लोकांना आपल्याला हसायला जागा करून दिली. शेवटी तुम्ही लिहिलंय की त्या मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांना तुम्ही ओळखता, ती देवभीरू माणसं आहेत.

हे शेवटचं आधी घेते. ती देवभीरू आहेत, हे मलाही ठाऊक आहे. माझे वडील गेले त्या रात्री त्यांच्यातलेच दोघं आमच्या ओट्यावर पहाटेपर्यंत बसून होते. पेटी कुठून आणायची, खड्डा कुणाला सांगायचा, सगळं त्यांनीच बघितलं. म्हणून मी लेखात कुणाचं नाव घातलं नाही, इथंही घालणार नाही. पण एका ठिकाणी मी ‘अंधभक्त’ हा शब्द वापरला होता. तो सगळ्या मंडळीला लावायला नको होता. तुम्ही तो दाखवून दिलात, मी आज काढला.

आता हक्काचं. मंडळीनं शिकवण राखावी, शिस्त लावावी, अगदी वेळ आली तर बाहेरही काढावं, हे मला मान्य आहे. तसं बाहेर काढायला सांगणारा, बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय मीही वाचलाय. पण मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभूनं क्रम घालून दिलाय: आधी एकांतात जाऊन सांग, मग एकदोघांना बरोबर घे, मग मंडळीला सांग, आणि त्यानंतरच बाहेरचा समज. माझ्याकडे एकांतात कुणी आलं नाही. दोघं-तिघं बसले नाहीत. थेट शेवटची पायरी आली.

काय झालं ते पुन्हा सांगते, कारण तुम्ही लिहिलंय की मी ‘नव्या मतांच्या मागे लागले’. बुधवारच्या बायबल अभ्यासात पाळकांनी जाहीर केलं की पुढच्या महिन्यापासून ज्यांनी समजत्या वयात, बुडवून बाप्तिस्मा घेतलाय त्यांनाच प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत घ्यायची भाकर आणि द्राक्षरस, मिळेल. लहानपणी पाणी शिंपडून झालेला तो बाप्तिस्माच नव्हे. अशांनी कृष्णेवर येऊन पुन्हा घ्यावा. मी विचारलं, “माझ्या आईचा बाप्तिस्मा वाईला तीन महिन्यांची असताना झाला, सोळाव्या वर्षी स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करून दृढीकरण झालं, त्याला आता ६५ वर्षं झाली. आज तिला परत पाण्यात घातलं तर त्या पहिल्या पाण्याबद्दल आपण काय म्हणतोय?” एवढंच. उत्तर आलं, की हे प्रार्थनेत समजेल. नंतर निरोप आला, म्हातारीला नदीवर आणू नका, आम्ही घरी येऊन टपात करतो. आई म्हणाली, “माझा झालाय. परत घेतला तर पहिला खोटा होता असं होईल. माझ्या आईबापांनी खोटं केलं का?”

पुढचा प्रभुभोजनाचा रविवार मला विसरता येत नाही. त्या मंडळीत प्रभुभोजनाचा रस बरीच वर्षं आईच करायची. तासगावच्या काळ्या मनुका शनिवारी दुपारी धुऊन भिजत घालायच्या, रात्री मंद आचेवर उकळायच्या, हातानं कुस्करून मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळायच्या. त्या शनिवारीही तिनं रस केला, मी स्टीलच्या डब्यातून पोचवला. रविवारी तबक रांगेतून येत होतं. औषधाच्या मापाएवढे छोटे पेले, तबक जरा हललं की एकमेकांवर किणकिणतात. आमच्या बाकापाशी आल्यावर ज्यांच्या हातात तबक होतं ते थांबले, खाली बघितलं आणि तबक आमच्या डोक्यावरून मागच्या बाकावर दिलं. आईनं हात पुढे केला होता. तो तिनं सावकाश परत मांडीवर ठेवला आणि पदर नीट केला.

पुढच्या रविवारी घोषणांच्या वेळी वही उघडून आमची दोघींची नावं वाचली. कारण वाचलं: ‘आज्ञाभंग व मंडळीत फूट पाडणे’.

दादा, माझं सगळं म्हणणं या पाच शब्दांपाशी आहे. त्यात बाप्तिस्मा हा शब्दच नाही. माझी अमुक शिकवण चुकीची आहे, ती पवित्र शास्त्राच्या अमुक वचनाविरुद्ध जाते, असं लिहिलं असतं तर मी घरी जाऊन ते वचन काढलं असतं, उत्तर दिलं असतं, कदाचित हरलेही असते. पण शिकवणीचा प्रश्न वहीत उतरवताना वागणुकीचा गुन्हा होऊन गेला, आणि त्यावर बोलायची सोयच राहिली नाही. आपण निर्दोष आहोत असं म्हणायला तोंड उघडलं की तोच दुसरा आज्ञाभंग. तुमच्या प्रतिक्रियेतही बाप्तिस्म्यावर एक ओळ नाही, ‘उद्धटपणा’ मात्र तीनदा आलाय.

‘मत बदललं तर निघून जावं.’ बरोबर आहे, आणि त्याचं उत्तम उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १८१२ साली अमेरिकेतून मिशनरी दोन जहाजांनी हिंदुस्थानाकडे निघाले. सगळे मिशनरी पाठवणाऱ्या एकाच संस्थेचे, म्हणजे बोर्डाचे, सगळे बालबाप्तिस्मा मानणारे. त्यातले अ‍ॅडोनिराम जडसन यांनी, पुढे बंगालमधल्या श्रीरामपूरच्या (सेरामपूर) बॅप्टिस्ट, म्हणजे समजत्या वयातच बाप्तिस्मा देणाऱ्या, मिशनऱ्यांशी गाठ पडणार म्हणून, प्रवासातच या विषयाचा अभ्यास सुरू केला, आणि त्यांचंच मत फिरलं. कलकत्त्यात त्यांनी बुडवून बाप्तिस्मा घेतला, ज्या बोर्डानं पाठवलं त्याला पत्र लिहून राजीनामा दिला आणि पुढे ब्रह्मदेशात गेले. दुसऱ्या जहाजातून आलेल्या ल्यूथर राइस यांनीही तसाच बाप्तिस्मा घेऊन बोर्ड सोडलं. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मात्र आपल्या मतावर राहिले आणि १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं ते त्यांच्यापासून. नगर, वाई, सातारा इथल्या कितीतरी घराण्यांचा विश्वास त्याच ओळीत येतो, माझ्या आईचाही.

जडसन यांच्याबद्दल मला फार आदर आहे. मत बदललं, तर त्यांनी तसं लिहून कळवलं आणि पगार सोडला. पण माझं मत बदललं कुठं? बारा वर्षांपूर्वी आम्ही त्या मंडळीत आलो तेव्हा सभासदाच्या अर्जावर बाप्तिस्म्याची तारीख आणि ठिकाण लिहून दिलं होतं. ते वाचून आम्हाला घेतलं, उभं करून स्वागत केलं, बारा वर्षं प्रभुभोजन दिलं. मी जिथं होते तिथंच आहे, नियम बदललाय. मग गुपचूप निघून जायचं ते कुणी? आणि गेले असते तर वहीत ‘स्वखुशीने सोडून गेले’ असं लागलं असतं. ते खरं नव्हतं. मला जायचं नव्हतं.

तुम्हाला वाटेल मी बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्यांच्या विरोधात आहे. अजिबात नाही. उलट या विषयावर सगळ्यात मोठं पाप माझ्या बाजूच्या लोकांच्या नावावर आहे. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये फेलिक्स मान्झ यांना पुन्हा बाप्तिस्मा देतात या कारणासाठी ५ जानेवारी १५२७ रोजी लिम्माट नदीत बुडवून मारलं. मारणारे बालबाप्तिस्मा मानणारे, सुधारणावादी (रिफॉर्म्ड) पंथाचे ख्रिस्ती होते. झुरिकच्या त्या मंडळीनं याची जाहीर कबुली द्यायला २००४ साल उजाडलं. हे वाचल्यापासून, समजत्या वयात विचार करून पाण्यात उतरणाऱ्या माणसाला मी कधी हलकं लेखलं नाही. त्यानंही माझ्या आईला लेखू नये, एवढीच अपेक्षा होती.

आणि हे दोन्ही एका छपराखाली राहूच शकत नाही, असंही नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल या बालबाप्तिस्मा मानणाऱ्या परंपरांबरोबर, तो न मानणारे बॅप्टिस्ट आणि ब्रदरेनही त्यात आले. कुणाचा बाप्तिस्मा खरा यावर कित्येक वर्षं बोलणी झाली आणि शेवटी दोन्ही पद्धती मान्य केल्या. ज्यांना बाळाचा बाप्तिस्मा हवा त्यांनी तो घ्यावा, ज्यांना नको त्यांनी बाळाला आशीर्वाद द्यावा आणि मोठेपणी ठरवू द्यावं. ते काही सोपं गेलं नसणार. पण ‘एकच प्रभू, एकच विश्वास, एकच बाप्तिस्मा’ या वचनाचा अर्थ त्यांनी माणसं जोडण्याकडे लावला. आमच्या मंडळीत तेच वचन आमची नावं वाचण्याआधी वाचलं गेलं.

उद्धटपणाबद्दल एकच सांगते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ ला इंग्लंडात झाला, आणि त्यानंतर मठातल्या ज्या भगिनींकडे (नन) त्या राहत होत्या त्यांच्याशीच त्रैक्यावरून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण), मतांगीकारावरून (विश्वासाचा ठरीव कबुलीपाठ) त्यांचे पत्रांतून खटके उडत राहिले. भगिनींना त्यात गर्व दिसला. रमाबाईंनी १८८५ च्या पत्रात लिहिलं, की हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टानं सुटले आहे, पुन्हा तसल्याच दुसऱ्या जोखडाखाली मान द्यायची माझी इच्छा नाही. तेव्हा त्यांना तिशीसुद्धा लागली नव्हती. मी ५४ वर्षांची आहे, शाळेत गणित शिकवते, आणि प्रश्न विचारणाऱ्या मुलीला मी कधी वर्गाबाहेर उभं केलेलं नाही.

चव्हाट्याचं म्हणाल, तर लोक हसले नाहीत. शेजारच्या वहिनी लेख वाचून आईला भेटायला आल्या आणि म्हणाल्या, “आमच्यात पण वाळीत टाकायचे हो पूर्वी.” त्यांना ते लगेच कळलं. शिवाय हे गाव असल्या प्रश्नाला नवखं नाही. नारायण वामन टिळक १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यालाच आले आणि इथं त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले होते तसे न घेतलेलेही चालत होते. ख्रिस्ताच्या मागे जायचंय ना, मग या. त्यांचंही सगळ्यांना पटलं होतं असं नाही, मलाही सगळं पटत नाही, बाप्तिस्मा मला हवाच वाटतो. पण त्यांनी जे मांडलं ते उघड मांडलं, आणि पुढे त्यांच्याच गीतांवर आपण सगळे रविवार काढत आलोय, तुम्ही आणि ते वडीलजनसुद्धा.

सध्या आम्ही गावातल्या जुन्या चर्चमध्ये जातो. पहिल्याच प्रभुभोजनाला तिथल्या पाळकांनी आईसाठी तबक बाकापर्यंत आणलं. रस विकतचा होता, आईला गोड लागला नाही, तिनं तसं बाहेर आल्यावर सांगितलंही.

तुम्ही त्या वडीलजनांना ओळखता, तर एक काम करा. मी त्यांना दोन पत्रं लिहिली, रजिस्टरनं, पोचपावत्या माझ्याकडे आहेत, उत्तर नाही. त्यांना सांगा, आम्हाला बोलावून घ्या आणि बाप्तिस्म्यावर विचारा. आज्ञाभंगावर नको, बाप्तिस्म्यावर. माझं चुकलं असेल तर बायबल उघडून दाखवा. शनिवार सोडून कुठल्याही दिवशी मी येते, आईलाही आणते. फक्त सभागृह वरच्या मजल्यावर आहे, तिला तो जिना आता चढवत नाही. खाली एक खुर्ची टाकून ठेवायला सांगा.