फटक्यांनी आठवण राहत नाही

सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा ऐन भरात होती तेव्हा आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत आला. उत्तर आता देतोय, पाळणेवाले गाशा गुंडाळून गेल्यावर. उशिराचं कारण पुढे येईलच.

मेसेजचं म्हणणं असं : एडीएचडी (लक्ष टिकत नाही, पोर एका जागी स्वस्थ बसत नाही, तो त्रास) हे नवं खूळ आहे, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. आईनं मोबाईल आणि गोडधोड देऊन पोरं बिघडवली. दोन फटके द्या, सुतासारखी सरळ होतात. गोळ्या सुरू केल्या तर पोर जन्माचं नशेला लागतं. खाली सतरा अंगठे, त्यातला एक माझ्या सख्ख्या मामांचा.

'नवं खूळ.' जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानं लंडनमध्ये अशा मुलांवर व्याख्यानं दिली ती १९०२ साली. तेव्हा आपल्याकडे जुनी मिल चालू होती. नाव बदलत गेलं, 'एडीएचडी' हे १९८७चं. आणि 'आमच्या वेळी नव्हतं' याचं उत्तर माझी आईच देते. नातवाची तक्रार आली की म्हणते, "ह्याचा बाप बी असाच. रेशनला पाठवला की साखर घेऊन यायचा, कार्ड तिथंच." तो बाप म्हणजे मी. होतं सगळं, फक्त त्याला 'धांदरट' म्हणायचे.

'आईनं बिघडवलं.' याचा मला खरा राग आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून यात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात निघतो. आता आमचं घर बघा : कपड्यांचा ढीग, जेवणाला ठरलेली वेळ नाही, बाप मध्येच ओरडतो. येणारा पाहुणा म्हणणारच, घर असं म्हणून पोर असं. पण घराचा पसारा आणि पोराची धांदल, दोन्ही एकाच मुळाची असू शकतात हे त्याच्या डोक्यात येत नाही. खिशात पैसे असून मी तीन महिने लाईट बिल भरलं नव्हतं, लाईनमन वायर काढून गेला. एडीएचडी आहे का ते ठरवताना डॉक्टर माझ्या मुलाबद्दल विचारत होते : बाराव्या वर्षाआधी सुरुवात, घरी आणि शाळेत दोन्हीकडे त्रास, सहा महिन्यांहून जास्त काळ. मी मनातल्या मनात स्वतःची उत्तरं देत बसलो होतो. एकेचाळिसाव्या वर्षी. आमच्या घरात दोघांचं विसरलेलं लक्षात ठेवते ती एकटी बायको, आणि बोलही तिलाच.

मोबाईल सारखा हातात असणं वाईटच, ते मान्य. जास्त स्क्रीन आणि चंचलपणा एकत्र दिसतात, पण त्यानंच एडीएचडी होतो असं सिद्ध झालेलं नाही. साखरेचं तर १९९५मध्येच तपासून झालंय : मुलांच्या वागण्यावर तिचा परिणाम सापडला नाही. त्याआधीच्या एका प्रयोगात आयांना खोटंच सांगितलं की मुलाला साखर दिलीय. त्यांना पोर जास्त वांड वाटलं.

'दोन फटके.' मुलाचा गणिताचा गृहपाठ पूर्ण होता, वही दप्तरात होती. बाई म्हणाल्या, वह्या टेबलावर ठेवा. वही दप्तरातच राहिली. लाल शेरा : गृहपाठ अपूर्ण. यावर मी हात उचललाय, लपवत नाही. पुढच्या गुरुवारी वही परत दप्तरातच. विसर पडतो सकाळी अकराला, फटका पडतो संध्याकाळी सहाला. मधल्या सात तासांत तो कशाला जोडायचा पोरानं? आता दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिलंय : डबा, बाटली, वही दे. अभ्यास कुकरवर चालतो. तीन शिट्ट्या होईपर्यंत गणित, मग उठून एक चक्कर. वही दिली की शाबासकी त्याच दिवशी, महिनाअखेरीला सायकल वगैरे काही नाही. सहा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत तर गोळीआधी आईबापांनाच हे शिकवतात. (हे उत्तर मी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी लिहून ठेवलं होतं. पाठवायचं राहिलं.)

राहिल्या गोळ्या. प्रत्येकाला लागतातच असं नाही. मिथाइलफेनिडेट, म्हणजे एडीएचडीवर नेहमी दिलं जाणारं औषध, १९४४ मध्ये तयार झालं, आपल्याकडे ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत घेतल्यानं पुढे व्यसन वाढतं असं दिसलेलं नाही. त्रास आहे तो वेगळा. भूक मरते. डबा जसाच्या तसा परत येतो, म्हणून गोळीआधी पोटभर नाश्ता आणि डॉक्टरांकडे दर खेपेला उंची-वजन. ज्यांना कुठे जायचं कळत नाही त्यांनी सिव्हिलच्या मानसोपचार विभागात विचारावं, नाहीतर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा फुकट नंबर लावावा.

मामा, अंगठा काढा म्हणत नाही. रविवारी रात्री नऊला या. गोळीचा अंमल उतरलेला असतो, पोरगा दह्यात कडक भाकरी चुरून वर शेंगाचटणी घेऊन बसलेला असतो, आणि बोलत सुटतो. तुम्हालाही मध्ये बोलू देणार नाही.